एका माणसाची दोन दप्तरं

१९९८ साली माझी बदली बँकेच्या गडचांदूर शाखेत झाली. चंद्रपूरहून राजुऱ्यामार्गे येताना आधी सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या, मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुळीनं पांढुरकी झालेली झाडं आणि त्यांच्या मागे निळसर असा माणिकगडचा पहाड. शाखेत खातेदार दोन तऱ्हेचे. कारखान्यातली मंडळी पगाराच्या दिवशी यायची आणि पहाडावरची मंडळी बाजाराच्या दिवशी. पहाडावरून काळी-पिवळी जीप उतरायची, तिच्या टपावरसुद्धा माणसं असायची. कापूस विकायचा, तेल-मीठ घ्यायचं आणि उन्हं उतरायच्या आत परत चढायचं, असा त्यांचा क्रम.

असाच एक म्हातारा बैलजोडीसाठी कर्ज मागायला आला. डोक्याला लाल फेटा, हातात कापडी पिशवी. मी म्हणालो, "बाबा, रेशनकार्ड आणलंय का?"

त्यानं पिशवीतून एक सोडून दोन कार्डं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक मराठीत, दुसरं तेलुगूत. "कोणतं पाहिजे साहेब?"

"तुमचं असेल ते द्या."

"दोन्ही माझेच हायेत की."

"अहो, मग तुम्ही राहता कुठे?"

म्हातारा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "घर तर एकच हाय साहेब. सरकार दोन हायेत."

कर्जाच्या अर्जावर 'राज्य' अशी एक चौकट होती आणि तिच्यात एकच नाव मावण्याएवढी जागा होती. शाखा महाराष्ट्रात म्हणून मी 'महाराष्ट्र' लिहिलं, कर्ज मंजूर केलं. त्यानं ते वेळेवर फेडलंही. पण त्या चौकटीनं माझा पिच्छा काही सोडला नाही. आता निवृत्तीनंतर, सगळा कारभार संगणकावर गेलेला असताना, ती चौकट मला पुन्हा पुन्हा आठवते. वाचकांना आज तिचीच गोष्ट सांगायची आहे. या गोष्टीत मध्येच युरोपही येणार आहे, पण तिची सुरुवात आणि शेवट याच पहाडावर आहे.

पहाडावरची रेघ

राजुरा हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या मुंबई राज्यात आला आणि आधी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १९५९ साली तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. कालपर्यंत जो पहाड एकाच जिल्ह्यात होता, त्याच्या पाठीवरून दोन राज्यांची सीमा गेली. पहाडावर गोंड आणि कोलाम यांची जुनी वस्ती. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून बंजारा, मातंग आणि इतर समाजांची कुटुंबं पोटापाण्यासाठी इथं आली, जंगल साफ करून शेती करू लागली. सीमा कुठून जाते हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही ते नक्की ठाऊक होतं असं दिसत नाही.

परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी ही चौदा गावं. महाराष्ट्राच्या लेखी ती जिवती तालुक्याकडची, तेलंगणाच्या लेखी कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडळातली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा हक्क मान्य झाला. तरीही पलीकडचा कारभार थांबला नाही, कारण माणसं तिथंच होती आणि त्यांना रेशन, शाळा, पाणी लागतच होतं. त्यामुळे गावात ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, शाळा दोन (एक मराठी, एक तेलुगू) आणि घरोघर कार्डंही दोन.

निवडणुकाही दोन. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही मतदारसंघांत ११ एप्रिलला, एकाच दिवशी मतदान होतं. २०२४ मध्ये चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि आदिलाबादचं १३ मे रोजी. मधल्या चोवीस दिवसांत दोन्हीकडच्या प्रचाराच्या गाड्या त्याच चढावरून धुरळा उडवत गेल्या. कायद्यानं एका नागरिकाला एकच मत आहे. पण ज्याचं नाव दोन राज्यांच्या याद्यांत गेली तीस-चाळीस वर्षं आहे, त्याला आपण एका वाक्यात लबाड म्हणावं का? त्यानं आपणहून दोन सरकारं मागितली नव्हती.

शहरातले वाचक म्हणतील, मग काय, दोन्हीकडून फायदाच फायदा! मीही आधी तसंच समजत होतो. तेलंगणात वृद्धांची पेन्शन २०१४ मध्ये हजार रुपये आणि २०१९ पासून २,०१६ रुपये झाली. आपल्याकडे निराधारांचं अनुदान २०२३ मध्ये दीड हजार झालं. या रकमा मोजून हेवा वाटणं सोपं आहे. पण त्याच गावांत अनेकांकडे कसत्या जमिनीचा पट्टा नाही. जमीन वनखात्याची की महसुलाची, या राज्याची की त्या राज्याची, हे ठरत नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही. रस्ता खचला की प्रत्येक कचेरीला दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवता येतं. दोन सरकारं असली की लाभ कधीकधी दुप्पट होतो, पण जबाबदारी पुष्कळदा निम्मीही उरत नाही.

संगणक आला

आम्ही बँकेत होतो तेव्हा वाटायचं, संगणक आला की हा घोळ आपोआप मिटेल. विदर्भाला तर त्याची चाहूल फार लवकर लागली होती. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारनं जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून आपला शेजारचा वर्धा जिल्हा होता. २००६ साली राष्ट्रीय ई-शासन योजना आली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याच्या रेशनकार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू लागलं. सुरुवातीच्या दोन जोड्या होत्या आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात. जून २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. इचलकरंजीत काम करणाऱ्या बिहारी मजुराला आज तिथं धान्य घेता येतं, ही लहान गोष्ट नव्हे.

पण बारकाईनं पाहा. ही सारी व्यवस्था असं धरून चालते की माणूस हलतो आणि राज्य जागेवर असतं. माझ्या म्हाताऱ्याचा प्रश्न नेमका उलटा. तो आपल्या ओसरीवर बसलेला आहे आणि राज्यंच दोन येऊन उभी आहेत. आधार क्रमांक त्याचा एकच, अंगठा एकच. त्या एका अंगठ्याला दोन राज्यांच्या याद्या येऊन मिळाल्या की संगणक एकच शब्द उच्चारतो : डुप्लिकेट.

हाच प्रश्न जगात आणखी कोणी सोडवला असेल का, असं मला वाटू लागलं. माझी भाची एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथं नोकरी करते. तिला एकदा फोनवर विचारलं. ती हसली. "मामा, अहो, इथं तर गेली वीस-पंचवीस वर्षं हाच उद्योग चाललाय. युरोपात आपल्या माणिकगडासारखे पहाड सगळीकडे आहेत."

बार्लेचं दार

तिनं मला एका गावाची गोष्ट सांगितली, मग मीही वाचून काढली. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमेवर बार्ले नावाचं गाव आहे. त्यात बेल्जियमचे लहानमोठे तुकडे नेदरलँड्सच्या जमिनीत विखुरलेले आहेत, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे. सीमा घरांतून, दुकानांतून जाते. पदपथावर ती पांढऱ्या फुल्यांनी दाखवलेली असते. दोन नगरपालिका, दोन महापौर. घर कोणत्या देशात, हे तिथं पुढच्या दारावरून ठरवण्याची रीत आहे. दार ज्या देशात उघडतं, त्या देशाचं ते घर.

म्हणजे दोन सरकारं एका गावात असू शकतात आणि लोक सुखानं नांदू शकतात. मात्र दाराची रीत दोघांनी मिळून मान्य केलेली असावी लागते.

संगणकाच्या कारभाराला अशी 'दाराची रीत' शोधून काढायला युरोपला फार कष्ट पडले. देश सत्तावीस, राजभाषा चोवीस. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, जन्मनोंदणीची पद्धत वेगळी, ओळखपत्र वेगळं. इतकंच काय, संशोधनाचा पैसाही प्रत्येकाच्या स्वतंत्र पेटीत. एक देश ओळखपत्रावर संशोधन करतो, शेजारचाही तेच करतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. म्हणून युरोपीय संघाच्या २००२ ते २००६ या काळातल्या संशोधन कार्यक्रमात 'एरा-नेट' नावाची योजना निघाली. काम एकच : देशोदेशींच्या संशोधन कार्यक्रमांत मेळ घालणं. कोण कशावर संशोधन करतंय याची आधी यादी करायची, मग कोणता प्रश्न मिळून घ्यायचा ते ठरवायचं. डिजिटल शासन हाही त्या समन्वयात आलेला एक विषय.

मग २००८ च्या सुमारास मोठे प्रयोग सुरू झाले. 'स्टॉर्क' या प्रकल्पानं एका देशाची इलेक्ट्रॉनिक ओळख दुसऱ्या देशात चालेल का ते तपासलं. 'पेपोल'नं सरकारी खरेदीची बिलं सीमेपार कशी जातील ते पाहिलं. 'एप्सॉस'नं रुग्णाची माहिती आणि औषधाची चिठ्ठी हाती घेतली. अशा प्रकल्पांत हुकूम सोडणारा कोणी नसतो. डझनावारी देशांतल्या संस्था एक करार करतात, कामाचे भाग पाडतात, एकेका भागाची सूत्रं एकेका संस्थेकडे देतात. समन्वय करणारी संस्था असते, पण तिच्या हाती दंडा नसतो. तिच्या हाती असते ती तारखांची यादी, अहवालांची मागणी आणि पुष्कळसा धीर. लग्नघरातल्या मोठ्या आत्याबाईंसारखं हे काम. तिचं कोणावर चालत नाही, पण ती नसली तर मांडव उभा राहत नाही.

यातलं सगळंच साधलं असं नाही. काही प्रयोग अनुदान संपताच आटोपले, काही अहवाल कपाटात गेले. पण जे शिकले ते कायद्यात उतरलं. २०१४ साली परस्परांची इलेक्ट्रॉनिक ओळख मान्य करण्याचा नियम झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून ती मान्यता बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये टॅलिन इथं बत्तीस देशांच्या मंत्र्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यातलं एक तत्त्व मला फार आवडतं : नागरिकानं एखादी माहिती सरकारला एकदाच द्यावी. नंतर ती इकडून तिकडे नेणं हे सरकारचं काम. आपल्याकडे प्रत्येक खिडकीवर झेरॉक्स देऊन थकलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

एका चिठ्ठीची अकरा वर्षं

एस्टोनिया हा जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. २००१ पासून तिथं 'एक्स-रोड' नावाची व्यवस्था चालू आहे. भाचीनं ती समजावली तेव्हा माझ्यातला बँकवाला खूश झाला, कारण ती आमच्या क्लिअरिंग हाऊससारखी निघाली. क्लिअरिंगमध्ये बँका आपापली लेजरं एकत्र करत नाहीत. प्रत्येकीची खातेवही प्रत्येकीकडेच राहते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नियमानं फक्त चेकांची देवघेव होते. एक्स-रोडही तसाच. सगळ्यांची माहिती एका पोत्यात भरलेली नाही. प्रत्येक खात्याचं दप्तर त्याच्याकडे असतं, दुसऱ्यानं रीतसर विचारलं तर तेवढंच उत्तर जातं, आणि कोणी काय विचारलं याची नोंद राहते. आपली माहिती कोणत्या कचेरीनं पाहिली, हे नागरिकालाही बघता येतं.

शेजारी फिनलंड. टॅलिनहून हेलसिंकीला बोटीनं दोन तास लागतात. गडचांदूरहून नागपूरला जायला याहून अधिक वेळ मोडतो. २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही पंतप्रधानांनी या बाबतीतल्या सहकार्याच्या करारावर सह्या केल्या, त्याही संगणकावरच. २०१७ साली दोन्ही देशांनी मिळून एक संस्था काढली. आणि जानेवारी २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरची संगणकीय चिठ्ठी एस्टोनियातल्या औषधाच्या दुकानात चालू लागली.

'एप्सॉस' सुरू झाल्यापासून मोजलं तर एका औषधाच्या चिठ्ठीला अकरा वर्षं लागली. इतकं काय अवघड होतं? तारा तर आधीच जोडलेल्या होत्या. अडचण भलतीकडेच होती. एकाच औषधाला दोन देशांत दोन नावं. चिठ्ठी किती दिवस चालते, याचे नियम दोन. दुकानदाराची चूक झाली तर दाद कुठल्या देशात मागायची? माहिती पाठवायला रुग्णाची संमती कशी घ्यायची? यातला एकही प्रश्न संगणकाचा नव्हता. ज्या देशांची वीज जात नाही आणि ज्यांच्या कचेऱ्यांत खुर्च्या रिकाम्या नसतात, त्यांनाही हे बसून सोडवावं लागलं.

या अनुभवातून युरोपवाल्यांनी चार मजल्यांची एक मांडणी केली आहे. तळाला यंत्रांची जोडणी, तिच्यावर शब्दांच्या अर्थांची, मग कचेऱ्यांच्या कामाची आणि सगळ्यांत वर कायद्याची. यंत्रं जोडून झाली की फक्त तळमजला झाला, असं ते मानतात. २०२४ मध्ये त्यांनी याचा स्वतंत्र कायदा केला. सीमेपार सार्वजनिक सेवांच्या संगणकव्यवस्थेवर परिणाम करणारा नवा नियम आणण्याआधी त्याचा आपसांतल्या मेळावर काय परिणाम होईल, हे तपासणं आता भाग आहे.

चार मजले पहाडावर

हे चार मजले मी मनातल्या मनात आमच्या पहाडावर नेऊन पाहिले.

तळमजला तयार आहे. दोन्ही राज्यांचे संगणक उत्तम, माणसं हुशार. आता दुसरा मजला, अर्थाचा. आपल्याकडे नाव लिहिताना आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेलुगू रीतीत घराण्याचं नाव आधी, आणि तेही पुष्कळदा नुसत्या आद्याक्षरानं. एकच माणूस एका यादीत तीन शब्दांचा, दुसरीत दीड शब्दाचा. संगणकाला ही दोन माणसं वाटू शकतात. उलट, त्याच आद्याक्षराचे आणि त्याच नावाचे दोन चुलतभाऊ त्याला एक वाटू शकतात. आपली जमीन हेक्टर-आरमध्ये आणि सातबाऱ्यावर, तिकडची एकर-गुंठ्यात आणि पट्टादार पासबुकात. तेलंगणानं २०२० साली जमिनीच्या नोंदींसाठी 'धरणी' ही व्यवस्था आणली, ती बदलून २०२५ मध्ये 'भू भारती' आणली. आपल्याकडे ई-फेरफार. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण एकीची भाषा दुसरीला येत नाही.

तिसरा मजला कचेऱ्यांचा. एका तालुक्याच्या तहसीलदारानं पलीकडच्या मंडळ अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, तर उत्तर कोणी, किती दिवसांत द्यायचं? नियम नाही. आणि चौथा मजला, कायद्याचा, तर पहाडावर फारच उंच आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. तेलंगणात तोच समाज १९७६ च्या केंद्रीय कायद्यान्वये अनुसूचित जमातींत आहे. म्हणजे एकाच घरातला एकच मुलगा एका दप्तरात आदिवासी आणि दुसऱ्या दप्तरात विमुक्त. त्याचं कॉलेजातलं आरक्षण, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज हे सारं कोणतं दप्तर उघडलं जाईल यावर ठरणार. इथं 'डुप्लिकेट' म्हणून एक नोंद खोडली, की खोडणाऱ्याच्या नकळत त्या मुलाचं भविष्य बदललं.

आता हे सगळं निकडीचं झालं आहे. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या महसूलमंत्र्यांनी ही चौदा गावं महाराष्ट्राच्याच कारभारात पुरती आणण्याची प्रक्रिया सुरू करायला सांगितलं. मला याचा आनंद झाला. जी गोष्ट न्यायालयात १९९७ ला मान्य झाली, ती कधीतरी गावात पोचली पाहिजे. माझी काळजी वेगळी आहे. निर्णय मुंबईत होतो, पण नाव खोडलं जातं ते संगणकाच्या एका कळीनं, आणि ती कळ दाबणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नसतो.

जुळवणी म्हणजे खोडाखोड नव्हे

बँकेत आमच्या काळी एक कंटाळवाणं खातं असायचं : इंटर-ब्रँच रिकन्सिलिएशन, म्हणजे शाखाशाखांमधल्या नोंदींची जुळवणी. गडचांदूर शाखेनं ड्राफ्ट काढला की एक नोंद इथं व्हायची. तो दूरच्या शाखेत वटला की दुसरी नोंद तिथं. दोन नोंदी एकाच पैशाच्या. दोन्ही मुख्य कार्यालयात पोचून जुळल्या पाहिजेत. पण टपाल हरवायचं, आकडा चुकीचा उतरायचा, तारीख वेगळी पडायची, आणि वर्षानुवर्षं नोंदी जोडीदाराविना लोंबकळत राहायच्या. नव्वदच्या दशकात अशा न जुळलेल्या नोंदींचे ढीग सरकारी बँकांची डोकेदुखी होऊन बसले होते.

मी तरुण असताना एकदा वैतागून माझ्या वरिष्ठांना म्हणालो, "साहेब, या जुन्या नोंदी खोडून टाकू या. कोण विचारतंय?" ते फार शांत गृहस्थ होते. चष्मा काढून म्हणाले, "प्रत्येक नोंदीच्या मागे कोणीतरी पैसे भरलेत. जोडी सापडेपर्यंत नोंदीला हात लावायचा नाही. जुळवणी म्हणजे खोडाखोड नव्हे." नंतर तीस वर्षांच्या नोकरीत यापेक्षा मोलाचं वाक्य मला कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नाही.

चौदा गावांना हेच लागू करावं. दोन याद्यांतली दोन नावं समोर आली की एक खोडायची घाई नको. आधी जोडी लावा. हा तोच माणूस आहे का? कोणत्या दप्तरातून त्याला काय मिळत होतं? नव्या व्यवस्थेत त्याचं काय जाईल, आणि जाणार असेल तर ते किती काळ आणि कसं सांभाळायचं? हे प्रश्न कचेरीत बसून सुटणार नाहीत. दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी मिळून एक लहानसा अभ्यास हाती घ्यावा, घरोघर जाऊन, माणूस समोर बसवून, दोन्ही कागद शेजारी ठेवून. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ पासून आपलं गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याची मुलं आणि पलीकडच्या कॉलेजातली तेलुगू जाणणारी मुलं एकत्र नेता येतील. दोन राज्यांनी मिळून केलेलं असं काम चौदा गावांपुरतं असलं तरी देशातल्या अनेक सीमांना उपयोगी पडेल.

आणि 'आधी अभ्यास, मग कारभार' हे शिकायला युरोपलाच गेलं पाहिजे असंही नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात वर्षानुवर्षं अभ्यासगट चालत आले आहेत. आधी विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराशी बोलायचं, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं ठरवायचं. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्या काही गावांत. त्या कागदामागे कित्येक वर्षांच्या बैठका होत्या. ब्रसेल्समध्ये सत्तावीस देश जे करतात, ते मेंढ्यात गावकरी जमिनीवर मांडी घालून करतात. दोघांनाही वेळ लागतो आणि दोघांनाही तो वाया गेला असं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी काही कामानं पुन्हा गडचांदूरला गेलो. गाव आता नगरपरिषदेचं झालं आहे, दुकानं वाढली आहेत, पहाड तसाच निळसर आहे. बाजारातल्या एका सेवा केंद्रापाशी उभा होतो, तेवढ्यात एका तरुणानं हाक मारली. त्या फेटेवाल्या म्हाताऱ्याचा तो नातू. आजोबा कधीच गेले. त्यांच्या बैलजोडीच्या कर्जाची आठवण मात्र घरात होती. पोराच्या हातात प्लास्टिकची फाईल होती आणि तिच्यात, अगदी आजोबांच्या पिशवीतल्यासारखी, दोन कार्डं. त्याला धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी दाखला काढायचा होता. केंद्रातला मुलगा सांगत होता, "सिस्टीम घेऊन नाही राहिली."

नातू मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, लोक म्हणतेत आता एकच कार्ड ठेवा लागंल. मग दुसरं फाडून टाकू का? आन् कोणतं फाडू?"

काय सांगणार? मी कोणी अधिकारी नाही, कायद्याचा पंडित नाही. जन्मभर जुळवण्या केलेला माणूस. म्हणालो, "मत एकाच ठिकाणी दे, बाळा. पण कागद एकही फाडू नकोस. दोन्ही जपून ठेव. त्यांची जोडी अजून लागायची आहे."

त्यानं कार्डं पुन्हा फाईलमध्ये घातली, फाईल शर्टाच्या आत सरकवली आणि पहाडाकडे जाणाऱ्या जीपकडे निघाला.